मदत हवी आहे: फवारणीच्या दिवसांत सातेरी मधमाशांच्या पेट्या कशा वाचवायच्या?

नमस्कार मंडळी. इंदूरहून सिमरोलकडे जाताना आमचा दोन बिघ्यांचा तुकडा आहे. एक गाय, दहा-बारा कोंबड्या, मांडवावर गिलकी-दोडकी आणि सातेरी माशांच्या दोन पेट्या. सध्या आजूबाजूचं सोयाबीन फुलावर आलंय आणि अळीसाठी फवारणी सुरू आहे. परवा सकाळी एका पेटीसमोर ओंजळभर माशा मरून पडल्या होत्या, सोंडा बाहेर आलेल्या. काही जागच्या जागी गरगरत होत्या. बघवत नव्हतं.

शेजारचे काका भले आहेत, आदल्या दिवशी सांगतो म्हणालेत. संध्याकाळी उशिरा फवारायलाही तयार आहेत. पण बाकीच्यांचं काय?

रात्री दाराला जाळी लावून पेटी किती वेळ बंद ठेवता येईल? हवा दमट, आत अंडी-अळ्या आहेत. वर ओलं पोतं टाकू का? की चार-पाच किलोमीटरवर मावशींच्या मळ्यात हलवू? जवळच हलवली तर माशा जुन्या जागी परततात, आणि सातेरी जास्त छेडली की पेटीच सोडून जाते, म्हणून हात धजत नाही.

त्या पेटीतला मध यंदा काढावा का, तेही सांगा. सोयाबीनच्या पट्ट्यात स्वतः पेट्या सांभाळलेल्या कुणी लिहिलंत तर फार बरं होईल. पुढची फवारणी आठवड्याभरात आहे.