‘रीड अप ऑन’साठी मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ‘शी रेड अप ऑन द कंपनी बिफोर द इंटरव्ह्यू’ याचं ‘मुलाखतीआधी तिने कंपनीचा अभ्यास केला’ असं भाषांतर केलं, पण ते जड वाटतंय. दुसरं काही सुचवाल का?

उत्तर : शंका रास्त आहे. ‘अभ्यास’ म्हटलं की वेळ देऊन, नेटाने केलेलं काम डोळ्यांसमोर येतं. ‘रीड अप ऑन’मध्ये एवढा पसारा नसतो. बहुधा पुढे काहीतरी उभं ठाकलेलं असतं, एखादी मुलाखत, ऑपरेशन किंवा मोठी खरेदी, आणि त्यासाठी माणूस चार ठिकाणचं वाचून कामापुरता तयार होतो. यासाठी मराठीत ‘वाचून घेणे’ आणि ‘वाचून ठेवणे’ ही क्रियापदं आयती आहेत. ‘मुलाखतीआधी तिने कंपनीबद्दल सगळं वाचून घेतलं’ म्हणा, वाक्य लगेच हलकं होईल.

दोन्हींत थोडी छटा आहे. ‘घेणे’मुळे वाचणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतं. ‘ठेवणे’मध्ये पुढची तरतूद आहे : ‘ऑपरेशनबद्दल थोडं वाचून ठेव, म्हणजे डॉक्टरांना नेमकं विचारता येईल.’

मात्र ‘बद्दल’ किंवा ‘विषयी’ सोडू नका, सगळी मदार त्यावर आहे. ‘भाडेकरार वाचून घे’ म्हणजे समोरचा कागद नीट वाच. ‘भाडेकरारांबद्दल वाचून घे’ म्हणजे असे करार कसे असतात, कुठे अडकायला होतं, ते माहीत करून घे. ‘रीड अप ऑन’ हे दुसरं. इंग्रजीत जे ‘ऑन’ करतं, ते आपल्याकडे ‘बद्दल’ करतं. म्हणूनच ‘रीड अप ऑन इट’ बरोबर आणि ‘रीड इट अप ऑन’ चूक.

प्रश्न : ‘वाचून काढणे’ चालणार नाही का? ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, तसं?

उत्तर : इथे नाही चालणार. पुस्तक वाचून काढतात, अथपासून इतिपर्यंत. विषय वाचून काढता येत नाही. ‘ईट अप’मधल्या ‘अप’मध्ये फडशा पाडण्याचा भाव आहे, पण ‘रीड अप ऑन’ म्हणणारा विषय संपवल्याचा दावा करत नाही, पुरेसं कळलं की तो थांबतो.

‘माहिती काढणे’ही जपून वापरा. माहिती फोन करून, ओळखीच्यांना विचारूनही काढता येते, त्यात वाचन हरवतं. औपचारिक लेखनात ‘वाचन करणे’ छान बसतं : ‘पुढच्या बैठकीआधी या विषयावर थोडं वाचन करून या.’

जवळच्या क्रियापदांचीही गल्लत होते. आधी येत असलेलं, पण गंजलेलं, पुन्हा घासूनपुसून घ्यायचं तर ‘ब्रश अप ऑन’, म्हणजे उजळणी. एखादा शब्द किंवा तारीख तेवढीच शोधायची तर ‘लुक अप’. ‘मग अप’चं जरा सांभाळा. भारतीय इंग्रजीत त्याचा अर्थ घोकंपट्टी होतो, ब्रिटिश माणसाच्या तोंडी मात्र थोड्या वेळात घाईने केलेला अभ्यास. ब्रिटिश लेखकाचं वाक्य असेल तर तिथे ‘घोकून पाठ केलं’ लिहिणं त्या पात्रावर अन्याय ठरेल.