सुवासिक स्वीट पी: मराठवाड्याच्या हिवाळ्यात कोणता वाण लावावा?

प्रश्न (लातूर): अंगणातील कुंपणावर स्वीट पीचे वेल चढवायचे आहेत. रंगापेक्षा सुवास महत्त्वाचा आहे. जाणकारांनी कृपया वाण सुचवावेत.

उत्तर (परभणी): सुवासच हवा असेल, तर 'कुपानी' निवडावा. सिसिलीतील फ्रान्चेस्को कुपानी या धर्मगुरूंनी १६९९ मध्ये ज्याचे बी इंग्लंडला पाठवले, त्याच्याशी या वाणाचे नाते सांगितले जाते. फुले लहान असतात. वरची पाकळी गर्द किरमिजी, बाजूच्या जांभळ्या, आणि गंध मात्र मधासारखा दाट. याच रंगांचा 'मातुकाना'ही तितकाच सुवासिक आहे. मोठ्या, झालरदार पाकळ्यांच्या स्पेन्सर वाणांत मात्र गंध बहुधा सौम्य असतो.

उत्तर (नांदेड): वरील मत पटते, पण आपला हिवाळा आखूड असल्याने आणि फेब्रुवारीअखेर ऊन तापू लागताच वेल वाळत असल्याने, कमी लांबीच्या दिवसांतही फुलणारा 'विंटर एलिगन्स' सोबत जरूर लावा. पाऊस ओसरताच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बी रात्रभर भिजवून पेरावे. काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून वाफा उंच करून भरपूर शेणखत मिसळावे. फुले रोज खुडावीत, कारण शेंगा धरल्या की बहर थांबतो. त्या वाटाण्यासारख्या दिसल्या तरी विषारी असतात. मुलांना आधीच बजावून ठेवावे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. 'कुपानी' आणि 'विंटर एलिगन्स' दोन्ही मागवतो.