वाफेची इंजिनं बर्फात चालायची कशी? आणि गोठलेल्या तळ्यावर रूळ टाकले होते हे खरं का?

चाकरमानी_७७
राम राम मंडळी, काल झोप येईना म्हणून यूट्यूबवर जर्मनीतल्या ब्रोकेन डोंगरावरच्या गाडीचे व्हिडिओ बघत बसलो. आजूबाजूला सगळं पांढरं, झाडं बर्फाने वाकलेली आणि मधून काळंकुट्ट इंजिन भकाभका धूर सोडत वर चाललंय. बघून डोक्यात दोन किडे वळवळायला लागले. एक म्हणजे वाफेच्या इंजिनात सगळा खेळ पाण्याचा, मग उणे वीस डिग्रीत ते पाणी गोठत कसं नाही? आणि दुसरं, खाली एका कमेंटमध्ये कोणीतरी लिहिलंय की रशियाने एकदा गोठलेल्या तळ्यावर रूळ टाकून आगगाडी पलीकडे नेली. ही व्हॉट्सॅप युनिव्हर्सिटी की खरं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

लोकोशेड
पहिल्या प्रश्नाचं सांगतो, बाकीचं दुसरे सांगतील.

बॉयलरमधलं पाणी गोठायचा प्रश्नच नाही, खाली भट्टी पेटलेली असते. भानगड होते ती बाहेरच्या बारक्या नळ्यांमध्ये. टेंडरमधून (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) बॉयलरकडे पाणी नेणारा पाइप, इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र), चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू सोडणाऱ्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, यातलं एक जरी गोठलं तरी खेळ खल्लास, कारण बॉयलरला पाणी मिळालं नाही की ड्रायव्हरला शेवटी आग उतरवावीच लागते. म्हणून थंड मुलुखात टेंडरच्या पाण्यात वाफ सोडून ते कोमट ठेवायचे, आणि रात्री शेडमध्येसुद्धा आग पूर्ण विझवायची नाही, राखेखाली धगधगत ठेवायची. सिलिंडर गार असेल तर आत शिरलेल्या वाफेचं लगेच पाणी होतं आणि पाणी काही दाबलं जात नाही, म्हणून ड्रेन कॉक (सिलिंडरमधलं पाणी बाहेर सोडणारे नळ) उघडे टाकून आधी हळूहळू गरम करायचं, नाहीतर सिलिंडरचं झाकण उडालंच समजा. गाडी सुटताना इंजिनाच्या पुढे दोन्ही बाजूंनी वाफेचा फवारा दिसतो ना व्हिडिओत, तो त्याचाच.

चालतं इंजिन थंडीला भीत नाही, घात होतो तो थांबल्यावर. बर्फात अडकलं की जागेवर उभं राहूनही कोळसा आणि पाणी खातच राहतं, आणि पाण्याचा नळ तर पुढच्या स्टेशनवर! मग माणसं फावड्याने आजूबाजूचा बर्फ टेंडरमध्ये टाकायची, तो वितळवून वेळ मारून न्यायची. कोळसा संपला की मात्र बॉयलर रिकामा करून मोकळं व्हायचं.

बर्फाळ_बंड्या
काका मस्त लिहिलंत! भर घालतो. रुळावरचा बर्फ काढायला आधी पाचरीसारखा लोखंडी नांगर इंजिनासमोर लावायचे आणि मागून जोरात धडक. ढीग भुसभुशीत असला तर ठीक, घट्ट बसलेला असला तर इंजिनच रुळावरून खाली. मग कॅनडात टोरंटोचा एक डेंटिस्ट, जे. डब्ल्यू. एलियट, याने १८६९ साली फिरत्या चाकाने बर्फ कापून बाजूला फेकायची कल्पना काढली (दात कोरता कोरता सुचली की काय देव जाणे), पण प्रत्यक्ष चालणारं रोटरी यंत्र पुढे ऑरेंज ज्युल आणि लेस्ली बंधूंच्या हातून १८८० च्या दशकात झालं. त्यातली गंमत अशी की रोटरीला स्वतःचा बॉयलर असतो पण तो फक्त पुढचं चाक फिरवायला. ती स्वतः हलत नाही, मागून दुसऱ्या इंजिनांनी ढकलावी लागते. अपवाद स्वित्झर्लंडच्या बर्निना लाइनचा. तिथली १९१० ची वाफेची रोटरी स्वतःच चालते, कारण लाइन विजेची, आणि बर्फाची दरड आली की आधी वीजच जाणार.

पण रोटरी असली म्हणजे सगळं भागलं असं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वेलिंग्टन स्टेशनवर फेब्रुवारी १९१० मध्ये दोन गाड्या बर्फात अडकल्या. रोटऱ्याच बर्फात अडकून बसल्या, एकीचा कोळसा संपला, फावडेवाले पगारावरून वाद घालून निघून गेले. प्रवासी म्हणत होते गाडी मागच्या बोगद्यात नेऊन ठेवा. ते रेल्वेने केलं नाही, आणि त्यामागे कारण होतं, डबे तापवायला इंजिन लागणार आणि बंद बोगद्यात त्याचा धूर कोंडणार. १ मार्चला रात्री पावणेदोनच्या सुमारास डोंगरावरचा बर्फाचा अख्खा कडाच खाली आला आणि दोन्ही गाड्या दरीत. ९६ माणसं गेली. माझ्या मते बोगद्यात धूर खाऊन का होईना बरीच वाचली असती, पण आज घरात बसून बोलणं सोपं आहे. नंतर १९२९ मध्ये त्याच डोंगरात खालून साडेबारा किलोमीटरचा नवीन बोगदा काढला.

सायबेरिया_एक्सप्रेस
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: खरं आहे, पण कमेंटवाल्याने अर्धवट सांगितलंय.

ते तळं म्हणजे सायबेरियातलं बैकल. १९०४ च्या फेब्रुवारीत रशिया-जपान युद्ध पेटलं तेव्हा सायबेरियाची लाइन जवळजवळ पूर्ण होती, फक्त बैकलला वळसा घालणारा तुकडा बाकी होता, कारण कडा थेट पाण्यात उतरलेला आणि चाळीसच्या आसपास बोगदे खोदायचे. तोवर गाड्या बोटीने पलीकडे जायच्या. 'बैकल' नावाची ती बर्फ फोडणारी बोट इंग्लंडमध्ये बनवून, तुकडे करून आणून तिथे जोडली होती. पण ऐन हिवाळ्यात बर्फ इतका जाड की ती बोटही हतबल. मग रेल्वेमंत्री खिल्कोव्ह स्वतः तिथे जाऊन बसला आणि चाळीसेक किलोमीटर रूळ बर्फावरच टाकले, वजन पसरावं म्हणून लांबलचक लाकडी स्लीपर वापरून.

आता मुद्दा. त्या रुळावर इंजिन चाललं नाही. चाचणीला सोडलं ते एक बर्फ फुटून खाली गेलं. म्हणून मग इंजिनं सुटी केली, बॉयलर वेगळा, सांगाडा वेगळा, आणि सगळं घोड्यांनी ओढून नेलं. अशी ६५ इंजिनं आणि दोन हजारांवर डबे पलीकडे गेले. सैनिक बहुतेक पायी, तळ्याच्या मध्यावर शेकायला एक थांबा केला होता. थंडी कमीजास्त झाली की बर्फाला भेगा पडायच्या, मग रूळ उचला, भेग बुजवा, पुन्हा टाका.

चाकरमानी_७७
मग नेटवर बर्फावर धूर सोडणाऱ्या इंजिनाचं जुनं चित्र फिरतंय ते खोटं का? ६५ इंजिनं घोड्यांनी 🙏

सायबेरिया_एक्सप्रेस
खोटं नाही, ते बहुधा कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं असेल. तिथे इंजिन खरोखर बर्फावरून चालायचं! सेंट लॉरेन्स नदीवर एकच रेल्वे पूल होता, व्हिक्टोरिया पूल, आणि तो प्रतिस्पर्धी कंपनीच्या हातात. त्यांचे दर परवडेनात म्हणून दुसऱ्या रेल्वेवाल्यांनी १८८० च्या जानेवारीत नदीच्या बर्फावर लाकडं टाकली, वरून पाणी ओतून ती गोठवून पक्की केली आणि त्यावर रूळ. हलकं इंजिन, दोनचार डबे, हळू चाल. पुढच्या जानेवारीत एक इंजिन बुडालंच, नंतर वर काढलं. तरीही १८८३ पर्यंत हा उद्योग चालू होता, म्हणजे धंद्यापुढे माणूस काय काय करतो बघा. हळू चालवायलाही कारण आहे. गाडी बर्फावरून गेली की बर्फ खाली वाकतो आणि त्याच्याखालच्या पाण्यात लाट उठते. लाटेचा आणि गाडीचा वेग जुळला की वाकणं वाढत जातं आणि पुरेसा जाड बर्फही फुटू शकतो.

हार्त्सवाली_मावशी
मी जर्मनीतच असते आणि ब्रोकेनच्या गाडीने गेलेय, हिवाळ्यातच जा, उन्हाळ्यात मजा नाही! वाटेतल्या द्राय आनेन होहने स्टेशनवर इंजिन पाणी घेतं, तेव्हा खाली उतरून बघा, फायरमन हातोडी घेऊन ब्रेकच्या कांबीला लटकलेले बर्फाचे सुळके ठोकून पाडत असतो. डबेसुद्धा इंजिनाच्या वाफेनेच तापवतात, दोन डब्यांमधल्या होजमधून वाफ गळत असते आणि त्याखाली रुळावर बर्फाची ढेकळं साचलेली. वाऱ्याचा जोर फार असला तर वरपर्यंत सोडत नाहीत, खालच्या शियर्के स्टेशनहून मागे फिरवतात, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी साइट बघूनच निघा. आणि धुराच्या वासाची तयारी ठेवा, जॅकेट दोनदा धुतलं तरी जात नाही.

चाकरमानी_७७
धन्यवाद मावशी, काका आणि सगळ्यांना. मावशी, व्हेर्निगेरोडपासून तिकीट आधी काढावं लागतं की तिथे मिळतं? आणि इंजिनाच्या लगतच्या डब्यात बसायला देतात का?

हार्त्सवाली_मावशी
शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना आधीच काढलेलं बरं. डब्याचं म्हणाल तर लवकर जाऊन जागा पकडायची, आपल्या लोकलसारखंच!