तुमच्या घरी कुठलं पाणी येतं आणि त्याने केसांचं, अंगाचं काय झालं? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला घेतलं. मी माहेरची गुहागरची, लग्नानंतर १४ वर्षं पुण्यात काढली. तिथे सोसायटीत निम्मं पाणी बोअरचं, निम्मं टँकरचं, बादलीच्या कडेला पांढरा थर, नळाच्या तोंडाला चुन्यासारखं काहीतरी जमलेलं आणि केस असे की विंचरताना फणी मध्येच अडायची. मला वाटायचं बाळंतपणं झाली, वय झालं, असंच होत असेल. दोन वर्षांपूर्वी यांची बदली रत्नागिरीत झाली, ऐन पावसात सामान उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना अंगावरचा साबण जाईचना! तांब्यावर तांबे ओतले तरी हात फिरवला की बुळबुळीतच. टाकीत काही पडलंय की काय म्हणून घाबरून आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगो, पाणी गोडं आहे ते. तुला जड पाण्याची सवय झाली." आणि खरंच, गणपतीपर्यंत केस मऊ पडले, पायाच्या नडग्यांवर खाजवलं की पांढऱ्या रेघा उठायच्या त्या बंद झाल्या.

पण एप्रिल लागला, नळ दिवसाआड झाला, सोसायटीने बोअर जोडली आणि तीन आठवड्यांत परत पुण्याचेच केस. शाम्पू तोच, तेल तेच, घर तेच.

म्हणून विचारतेय. तुमच्याकडे विहीर आहे, नळ आहे, बोअर आहे की टँकर, वर्षभर एकच पाणी असतं का, काय फरक पडला, कशाचा उपयोग झाला आणि कशात पैसे वाया गेले, सगळं लिहा. मोठं लिहिलंत तरी चालेल.

*

चिपळूणहून लिहितोय. शाळेत ३१ वर्षं रसायन शिकवलं, त्यामुळे या ताईंचा साबण का गेला नाही ते सांगतो. जड पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो, तोच बादलीला, टाईल्सना, केसांना आणि कातडीला चिकटतो. अंग धुतल्यावर "स्वच्छ झालं" असं जे करकरीत लागतं ते बऱ्याचदा त्या साक्यामुळे. गोड्या पाण्यात साका होत नाही, म्हणून त्वचा गुळगुळीत लागते आणि आपण उगाच पाणी ओतत बसतो.

आता आपल्याकडे हे असं का? आपल्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर, जांभा दगड सच्छिद्र, पाणी त्यातून भराभर निचरतं. शिवाय जांभ्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम लाखो वर्षांच्या पावसाने आधीच धुऊन गेलंय. म्हणून जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ. त्याखाली काळा पाषाण, तिथे ३०० फूट बोअर मारली की पाणी दगडाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, ते जड निघू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याच्या नियमात बसणारं पाणीही डोक्यावर घ्यायला त्रासाचं असू शकतं, हे लोकांना माहीत नसतं.

घरी बघायचं तर अर्धी बाटली पाणी घ्या, साध्या अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. फेस धरला तर गोडं, वर दह्यासारख्या कवड्या आल्या तर जड. शाम्पू घेऊ नका, तो जड पाण्यातही फेसतो. आणि हो, उकळून निम्माच प्रश्न सुटतो, बायकार्बोनेटचा कठीणपणा तेवढा खाली बसतो (बंबात थर धरतो तो हाच), सल्फेट-क्लोराइडचा तसाच राहतो.

*

आम्ही मालवणात, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटं. आमचा त्रास जड पाण्याचा नाही, खाऱ्याचा. जानेवारीपर्यंत विहिरीचं पाणी अमृत, मार्चपासून मचूळ व्हायला लागतं आणि मे मध्ये तर चहा करवत नाही. आजूबाजूला लॉज झाले, सगळ्यांच्या मोटारी दिवसभर चालू, गोडं पाणी उपसलं की खालून समुद्र आत सरकतो. सासूबाई रहाटाने पाणी काढायच्या तेव्हा मे मध्येही इतकं खारं नव्हतं असं त्या सांगायच्या आणि मला ते पटतं.

नवीन लग्न होऊन आले तेव्हा मे महिनाच होता, केस धुतले आणि वाळल्यावर दोरखंडासारखे झाले. मी रडायच्या बेतात. सासूबाईंनी न्हाणीत एक पितळेचं पातेलं आणून ठेवलं, म्हणाल्या, "गो, बावडेचा पाणी मचूळ झाला हा, डोक्याक ह्यातला घे." वाडीवरच्या गोड्या झऱ्याचं पाणी होतं ते, दोन तांबे फक्त. अंग, पाय सगळं विहिरीच्या पाण्याने आणि शेवटचे दोन तांबे गोडे, डोक्यावरून अंगावर. आजतागायत आम्ही तसंच करतो. मीठ वाळून कातडीवर राहत नाही, त्यामुळे मुलांचं घामोळं चिघळत नाही. आणि केसांना शिकेकाई-रिठाच, कारण त्याचा साका होत नाही. नारळाचा रस आदल्या रात्री नाही, धुण्याआधी तासभर लावायचा.

*

सावंतवाडी तालुका. आमच्या बोअरला लोखंड आहे. पाणी काढल्यावर काचेसारखं आणि अर्ध्या तासात तांबूस. बादल्या लाल, फरशी लाल, चहा काळपट (चहातलं टॅनिन आणि लोह एकत्र आलं की काळं पडतं, हीच आमची टेस्ट). माझ्या काकूचे केस पूर्ण पांढरे, सुंदर दिसायचे, ती आमच्याकडे राहायला आली आणि सहा महिन्यांत पिवळट झाले, तिला त्याचं फार वाईट वाटलं, बाहेर जाताना पदर डोक्यावरून घ्यायला लागली. मग भावाने टाकीच्या तोंडाशी भोकं पाडलेला पाइप बसवला, पाणी हवेतून शिंतडत पडतं, लोह तिथेच गंजासारखं वेगळं होतं, खाली वाळू-खडीचा थर लावलाय त्यात अडकतं. दर पंधरा दिवसांनी वाळू धुवायची. काकूचे नवीन केस पांढरेच आले. एक सांगते, अशा पाण्याने पिवळ्या पडलेल्या कपड्यांना ब्लिच घालू नका, डाग पक्के होतात. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवा.

*

दापोली. पावसाळ्यात नळाला औषधाचा असा वास येतो की डोळे चुरचुरतात, केस कोरडे पडतात. ग्रामपंचायतीला सांगून ते बंद करता येईल का?

*

ताई, बंद करायला सांगू नका. मी आमच्या गावचा जलसुरक्षक आहे, टाकीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) मीच घालतो. रोज सकाळी शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्ट (क्लोरीन तपासायचे थेंब) घेतो, पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचला. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी राहायला हवा. पावसात विहिरीत सगळीकडचं पाणी उतरतं, एक दिवस चुकलो तर कावीळ, जुलाब. माझ्या लहानपणी वाडीत काविळीची साथ बघितलीय, ते विसरलो नाही. टाकीजवळच्या घरांना वास जास्त येतो हे खरं आहे. आंघोळीचं पाणी रात्री उघड्या बादलीत काढून ठेवा, सकाळपर्यंत वास बराच उडतो. प्यायचं मात्र झाकूनच.

*

पनवेल, टॉवरमध्ये राहतो, टँकरचं पाणी. लेक सात महिन्यांची असताना कोपरात, गुडघ्यामागे लाल चट्टे, रात्रभर खाजवायची, दुपटं रक्ताने भरायचं. सगळे म्हणाले पाणी, पाणी, पाणी. आधी एक शॉवर फिल्टर घेतला, बाटलीतली टेस्ट तेव्हा माहीत असती तर कळलं असतं की पाणी तसंच जड राहिलंय, असे फिल्टर फार तर क्लोरीन कमी करतात. मग मिठावर चालणारा मोठा सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) बसवायचं ठरलं, पैसे भरायच्या आदल्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरांनी थांबवलं. त्या म्हणाल्या, ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर हेच करून बघितलंय, २०११ साली निष्कर्ष आले, एक्झिमा असलेल्या मुलांना सॉफ्टनरने जास्तीचा फायदा झाला नाही. जड पाण्याच्या भागात एक्झिमा जास्त दिसतो हेही अभ्यासांत आलंय, पण एकदा झाल्यावर पाणी बदलून तो जात नाही. मग काय केलं तर आंघोळ पाच-सात मिनिटं, कोमट पाणी, साबणाऐवजी सिंडेट बार (दिसायला साबणासारखी पण साबण नसलेली वडी, त्याचा साका होत नाही), आणि अंग टिपून ओलसर असतानाच जाडसर मलम. हेच दिवसातून तीनदा. आता ती चार वर्षांची आहे, रात्रभर झोपते. मी ते पैसे भरले असते तर मलमावर इतकं लक्ष दिलं नसतं असं वाटतं.

*

हर्णै. आमचे हात रोज बर्फात आणि खाऱ्या पाण्यात, नळाचं पाणी लागलं की भेगा झोंबतात. भिरंडेल. रातांब्याच्या (कोकमाच्या) बियांचं तेल, थंडीत दगडासारखं होतं, दिव्यावर धरून पातळ करायचं आणि रात्री भेगांत भरायचं. बाजारची क्रीमं सगळी लावून झाली, हेच पुरतं.

*

वरचं सगळं वाचून एक लिहायलाच हवं. मी रत्नागिरीत कॉलेजला होते, हॉस्टेलवर बोअरचं पाणी, केस मुठीने गळायचे. पूर्ण दोन वर्षं पाण्याला दोष दिला, बिसलेरीने केस धुतले, घरून कॅनने पाणी आणलं. शेवटी आईने रक्त तपासायला नेलं तर हिमोग्लोबिन ८ आणि थायरॉइड. गोळ्या सुरू झाल्यावर पाच महिन्यांत गळती थांबली, पाणी तेच होतं. डॉक्टरांनी शिकवलं ते सांगते, गळलेला केस उजेडात धरा. टोकाला बारीक पांढरा गड्डा असेल तर मुळातून आलाय, आतलं कारण शोधा. गड्डा नाही आणि तुकडे आखूड-लांब असतील तर केस तुटतोय, तिथे पाण्याचा, ओल्या केसांत फणी घालण्याचा संबंध असू शकतो. कृपया दोन वर्षं घालवू नका.

*

धागा काढणारी पुन्हा. किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! काल सरांची बाटली करून बघितली. नळाच्या पाण्याला दोन बोटं फेस, सोसायटीच्या बोअरला कवड्या, आणि टँकरचं पाणी मधलंच काहीतरी, फेस आला आणि बसला. केस उजेडात धरले तर माझे तुकडेच आहेत, गड्डा जवळपास कशालाच नाही, त्यामुळे जरा जीवात जीव आला. तरी रक्त तपासून घेणार आहे. नळ येतो त्या दिवशी एक झाकणाची बादली भरून वेगळी ठेवायला सुरुवात केलीय, शेवटचे दोन तांबे त्यातले. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोअरचा नमुना भूजल सर्वेक्षणाच्या लॅबला द्यायचं मान्य झालंय, सोमवारी मीच घेऊन जातेय. रिपोर्ट आला की आकडे इथेच लिहीन, सर, तेव्हा तुम्ही बघून सांगा.