डिफरंट फ्रॉम, टू की दॅन?

प्रश्न : पुतणी हिंजवडीतल्या एका कंपनीसाठी अर्ज लिहिते आहे. त्यात 'डिफरंट दॅन अदर्स' होतं, मी 'फ्रॉम' केलं. ती म्हणते, काका, अमेरिकेत 'दॅन' चालतं. खरं काय? आणि 'वेल व्हर्स्ड विथ जावा' बरोबर का?

– पुतणीचं अगदीच चूक नाही. 'डिफरंट फ्रॉम' सगळीकडे चालतं. 'दॅन' अमेरिकन लेखनात दिसतं आणि पुढे क्रियापद असेल तर सोयीचंही पडतं : 'डिफरंट दॅन आय एक्स्पेक्टेड'. 'टू' ब्रिटिश वळणाचं. 'फ्रॉम'शिवाय दुसरं काही चालतच नाही ही अंधश्रद्धा आहे, असं इंग्रजी शब्दवापराचा कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलरने १९२६ सालीच लिहून ठेवलंय. तरी अर्जात 'फ्रॉम'च ठेवा, म्हणजे कुणी भुवया उंचावणार नाही.

खरी गोम अशी की आपल्या हातून 'दॅन' पडतं ते अमेरिकेमुळे नव्हे, 'पेक्षा'मुळे. 'इतरांपेक्षा वेगळं' डोक्यात असलं की दुसरं काय येणार? त्याच वाटेने 'सीनियर दॅन मी' येतं, आणि ते मात्र प्रमाण लेखनात खपत नाही. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ही मुळात लॅटिनची तुलनादर्शक रूपं. त्यांना 'टू' लागतं. 'माझ्यावर रागावला'मधून 'अँग्री ऑन मी' निघतं, हवं 'अँग्री विथ मी'. 'तिच्याशी लग्न'मधून 'मॅरिड विथ', हवं 'मॅरिड टू'. ('मॅरिड विथ टू चिल्ड्रन' शुद्ध आहे, पण तिथे लग्न मुलांशी लागलेलं नाही!)

'वेल व्हर्स्ड'ला 'इन'. 'विथ'च हवं असेल तर 'फॅमिलियर विथ' लिहा.

– पण मग याला नियम काय?

– सरसकट नियम नाही. मराठीत तरी कुठे आहे? आपण कामाने थकतो आणि कामाला कंटाळतो. 'ने' का आणि 'ला' का, हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. इंग्रजीत हाच फरक एका विशेषणावर भागवतात : 'टायर्ड फ्रॉम' म्हणजे थकलेला, 'टायर्ड ऑफ' म्हणजे विटलेला. रात्रपाळीनंतर साहेबांना 'टायर्ड ऑफ वर्क' असं कळवलंत तर ते राजीनाम्याची वाट बघतील. 'कन्सर्न्ड अबाउट' म्हणजे काळजीत, 'कन्सर्न्ड विथ' म्हणजे संबंधित. कार्यालयीन पत्रांत यांची अदलाबदल फार होते.

– एक भर घालतो. 'कमिटेड टू इम्प्रूव्ह' असं अर्जांत सर्रास दिसतं. तिथलं 'टू' शब्दयोगी आहे, म्हणून पुढे 'इम्प्रूव्हिंग' हवं. 'एबल टू'चं तसं नाही, तिथे साधं क्रियापद येतं. 'केपेबल'ला मात्र 'ऑफ डूइंग'.

– पुतणीला अप्पा बळवंत चौकातून एखादी लर्नर्स डिक्शनरी आणून द्या. विशेषणाच्या नोंदीत त्याच्यामागून काय येतं ते उदाहरणासकट दिलेलं असतं. नुसता इंग्रजी-मराठी कोश इथे पुरत नाही, तो अर्थ सांगून मोकळा होतो.