मदत हवी आहे: 'द सॉलिटरी रीपर'चं शेवटचं कडवं

इंग्रज कवी वर्डस्वर्थच्या या कवितेत (लिहिली १८०५ मध्ये) शेतात एकटीच कापणी करत गाणारी मुलगी दिसते. आठ-आठ ओळींची चार कडवी आहेत. पहिल्या तिन्हींत मुलगी वर्तमानकाळात गाते: बघ तिला, थांब, नाहीतर हळूच पुढे जा. चौथ्यात एकदम भूतकाळ. ती गात होती, मी ऐकलं, टेकडी चढलो. मग आधीचं सगळंही आठवणीतलंच होतं का, की चालू प्रसंगाची आठवण इथंच, आपल्यासमोर तयार होते? मला दुसरं पटतं, पण आधार हवा. १८०७च्या, पहिल्यांदा छापलेल्या पाठात कवितेतला 'मी' 'मन भरेपर्यंत' ऐकतो, नंतर कवीनं ते 'निश्चल' केलं. त्यानं अर्थ सरकतो का?

आणि शेवटून दुसऱ्या ओळीतलं 'बोअर' (bore: ते गाणं मनात घेऊन गेलो, या अर्थी; आपलं 'बोअर झालं' नव्हे!) मराठीत कसं आणावं? 'जपलं' म्हटलं तर ओझं जातं, 'वाहिलं' म्हटलं की देवाला फूल वाहिल्यासारखं वाटतं.