मेट्रो की टॅक्सी: बर्डीला जाताना

भाऊ, आई-वडिलांना घेऊन नागपूरच्या विमानतळावरून बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, हॉटेलात जायला मेट्रो बरी का, असं विचारलंय तुम्ही. तुम्हाला इथे आधी उत्तर देणारे सगळे मेट्रोच म्हणताहेत. स्वस्त आहेच, आणि एअरपोर्ट स्टेशनवरून ऑरेंज लाइन गाडी न बदलता सीताबर्डीला नेते. पण ते स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. मे महिन्यातल्या दुपारी बॅगा ओढत तिथवर जाणं म्हणजे शिक्षाच! एकटे असाल, पाठीवर सॅक असेल, तर बिनधास्त जा. म्हाताऱ्या माणसांसोबत सरळ टॅक्सी करा, अंतर आहेच किती. रात्री उशिराचं विमान असेल तर प्रश्नच मिटला, मेट्रो तेव्हा बंद असते. अन् डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या वेळी येणार असाल तर आधी खोली पक्की करा, गाडीचं नंतर पाहू.